ठाण्यात राहून 'ठाण्याला पाठवा'

पत्र

मावशी, नमस्कार. आम्ही घोडबंदर रोडला राहतो. मी, यजमान, दोन मुलं, सासूबाई आणि माझे धाकटे दीर. भाऊजींना तीन वर्षांपूर्वी बायपोलरचं, म्हणजे मन कधी अति उत्साहात तर कधी खोल उदासीत जाण्याच्या आजाराचं, निदान झालं. औषधं चालू आहेत, वागळे इस्टेटला नोकरीही करतात. आमच्या घरात कुणी काही विसरलं, सांडलं, आमटी खारट झाली की सासूबाईंचं ठरलेलं वाक्य, "हिला ठाण्याला पाठवा," म्हणजे इथल्या वेड्यांच्या इस्पितळात. गणपतीत सगळे जमले होते तेव्हा यजमानांच्या आतेभावाने त्यावरून वेड्याची नक्कल केली. सगळे हसले, भाऊजी सगळ्यांत जोरात. पंधरा दिवसांनी त्यांच्या खणात गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या दिसल्या. यजमानांना म्हटलं, हे बोलणं थांबवू या. ते म्हणाले, "शब्दांनी अंगाला भोकं पडत नाहीत. आणि तो स्वतःच स्वतःला सर्टिफाइड वेडा म्हणतो ना." माझा आठवीतला मुलगा खाली क्रिकेट खेळताना ज्याला त्याला 'मेंटल' म्हणतो. मी स्वतः लेकीला 'वेडाबाई' म्हणते. काय काय बंद करू? घराची शाळा करू का?
— एक वहिनी

उत्तर

वहिनी, शब्दांचं मागाहून. आधी गोळ्या. बायपोलरची औषधं अचानक बंद झाली की आजार उलटण्याची भीती मोठी असते. आणि उलटताना तो कधी कधी बरं वाटल्यासारखाच दिसतो: माणूस कमी झोपतो, उत्साहात असतो, बोलत सुटतो, पैसे उडवतो. तेव्हा आज रात्रीच भाऊजींशी बोला आणि उद्या त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. उरलेल्या पट्ट्या पुढे करून "घ्या मुकाट्याने" म्हणू नका. खंड पडल्यावर किती डोस, कसा सुरू करायचा हे डॉक्टरच ठरवतील. डॉक्टर भेटत नसतील तर १४४१६ हा सरकारच्या टेली-मानसचा नंबर आहे. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. भाऊजींना मात्र "मला खणात पट्ट्या दिसल्या" असं सरळ सांगा. "सहज विचारते हं" असं नाटक केलंत तर त्यांना लगेच कळेल.

त्या नकलेमुळेच गोळ्या थांबल्या, असं मी म्हणणार नाही. या औषधांनी काहींचं वजन वाढतं, काहींचे हात थरथरतात, सुस्ती येते. बरं वाटायला लागलं की "आता कशाला" असंही होतं. कारण त्यांच्याच तोंडून ऐका.

आता सासूबाईंचं वाक्य. मी नौपाड्यात वाढले. गिरगावातली मावसभावंडं सुट्टीत भेटली की पहिला प्रश्न, "ठाण्याची ना तू? आतली की बाहेरची?" पुणेकरांना येरवडा, आपल्याला ठाणे. ते मनोरुग्णालय १९०१ साली सुरू झालं. सव्वाशे वर्षांत तिथून किती माणसं बरी होऊन घरी आली असतील, पण बोलण्यात राहिला तो फक्त जाण्याचा रस्ता. (ठाणे आणि मुलुंडच्या मधलं नवं स्टेशन त्याच आवाराच्या जमिनीवर व्हायचं आहे. तेव्हा रोज सकाळी हजारो माणसं आपणहून तिकडे जातील आणि या विनोदाची पंचाईत होईल.)

यजमान म्हणतात भोकं पडत नाहीत. तुम्हाला नाहीच पडणार. आमटी खारट करणाऱ्या सुनेला पक्कं ठाऊक असतं की आपल्याला कुणी कुठे पाठवत नाही, म्हणून तिच्यापुरता तो विनोद राहतो. भाऊजींना ते ठाऊक नाही. वाक्य नीट ऐकून बघा: डोकं बिघडलं की घरातून काढा. भावाच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत राहणारा, डोक्याच्याच आजारावर औषध घेणारा माणूस हे रोज ताटावर बसून ऐकतोय. तुम्ही त्याला शिवी म्हणा की गंमत म्हणा, त्याच्या कानाला ती घर सोडायची नोटीस लागते.

जोरात हसण्याचंही तेच. त्या गर्दीत एकटे तेच हसले नसते तर सगळ्यांच्या माना कुठे वळल्या असत्या?

आणि 'सर्टिफाइड वेडा' म्हणतात, तर म्हणू देत. माझ्या गुडघ्यांवर मी स्वतः चिक्कार विनोद करते. जिना चढताना तोच विनोद मागून दुसऱ्या कुणी केला तर मात्र त्याचं तोंड बघावंसं वाटत नाही. पहिला विनोद आपणच करून टाकला की दुसऱ्याच्या विनोदाची धार जरा कमी होते, एवढाच त्यातला हिशेब. त्यावरून बाकीच्यांना परवाना मिळत नाही.

मी हे शहाणपणाने सांगतेय असं समजू नका. नोकरीत असताना एका साहेबांबद्दल मी हेच वाक्य टाकलं होतं, डबा खाताना, चांगलं रंगवून. सगळ्या हसल्या. शेजारची मैत्रीण दुसऱ्या दिवसापासून आपल्या टेबलावर बसून एकटी जेवायला लागली. मला वाटलं, हिला शिष्टपणा आला. तिची आई तिथे अकरा महिने होती, हे मला ती रिटायर झाल्यावर दुसरीकडून कळलं.

लेकीला 'वेडाबाई' खुशाल म्हणा. मराठीतून वेड काढून टाकलं तर मागे काय उरेल? गडकरी रंगायतनच्या तिकिटांना रांग लावणारे आपण सगळे नाटकवेडेच. तेराव्या शतकात ऋद्धिपूरचे लोक चक्रधरस्वामींचे गुरू गुंडम राऊळांना "राऊळ वेडे, राऊळ पिसे" म्हणत आणि त्यांच्याच पाया पडत. शब्दाला जात्याच विष नसतं. कोण, कुणासमोर, कुणाच्या जिवावर बोलतंय तिथे ते चढतं. भाऊजी बरे नसतील त्या दिवसांत 'वेडाबाई'सुद्धा जरा हळू आवाजात म्हणा, इतकंच.

मुलाला "मेंटल म्हणायचं नाही, मनोरुग्ण म्हणायचं" असं मात्र शिकवू नका. हे औषध बऱ्याच वेळा करून झालंय. आपल्या कायद्याच्याच नावात 'लूनसी', म्हणजे वेडेपणा, होतं, १९१२चा तो इंडियन लूनसी ॲक्ट. लूना म्हणजे चंद्र. आपल्याकडेही अमावास्या-पौर्णिमेला 'वाढतं' म्हणतातच. तो जाऊन १९८७ साली मेंटल हेल्थ ॲक्ट आला, तोवर 'मेंटल' गल्लीत पोचलाच होता. 'मतिमंद' हा शब्द सभ्य म्हणून शाळांच्या पाट्यांवर चढला आणि मधल्या सुट्टीत शिवी झाला. 'मनोरुग्ण' हल्ली टीव्हीवरच्या भांडणात एकमेकांना फेकून मारतात. नवा शब्द चार दिवस इस्त्रीत राहतो, मग त्यालाही घामाचा वास येतो.

त्यापेक्षा भाऊजींना विचारा, "तुमच्या आजाराबद्दल याला सांगू का?" हो म्हणाले तर त्यांनीच सांगितलेलं बरं. नको म्हणाले तर विषय तिथेच थांबवा. आजार त्यांचा आहे, धडा शिकवायला तुम्ही तो वापरू नका. आणि मुलाने कॅच सोडणाऱ्याला 'मेंटल' म्हटलं म्हणून खाली जाऊन ओरडू नका. मोठ्यांनी मना केलेला शब्द आठवीतल्या पोराला गुळासारखा लागतो.

राहिल्या सासूबाई. त्यांना तुम्ही काही बोलू नका. सुनेने सांगितलं की मुद्दा बाजूला राहतो आणि सून उरते. हे यजमानांनी बोलायचं, एकट्याने, आईच्या खोलीत दार लोटून. शेवटी भाऊजी त्यांच्या पोटचे आहेत. तीन वर्षांत त्यांनी एकदा तरी त्या आजाराचं नाव घेतलंय का, आठवून बघा. मला वाटतं त्या घाबरलेल्या आहेत, आणि आयुष्यभर तोंडात बसलेलं वाक्य घाबरल्यावर जास्तच बाहेर पडतं. आतेभावाला मात्र फोन करून स्पष्ट सांगायला हरकत नाही. हवं तर हेही सांगा की २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो आणि चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर शिक्षा आहे. सासूबाईंना हे कलम दाखवू नका!

त्याऐवजी काय म्हणायचं, असं त्या विचारतील. "हिला माहेरी पाठवा" सुचवू नका, तीही नोटीसच. आमटी खारट आहे, एवढं म्हटलं तरी चालतं. सवय लगेच जाणार नाही. जुनं वाक्य तोंडातून निघालंच, तर यजमानांनी "आई, ठाण्यातच आहोत आपण सगळे" म्हणावं आणि भाऊजींना भात वाढावा.