चेनकडे दुर्लक्ष नको
नव्या चालकाचे लक्ष बहुधा इंजिन ऑइलकडे असते आणि ते योग्यच आहे. परंतु लहान मोटारसायकलमध्ये सर्वाधिक हेळसांड होते ती चेनची. साधारण दर 500 किलोमीटरनंतर, तसेच गाडी पावसात भिजल्यावर, चेन पुसून तिला ल्यूब म्हणजे चेनचे वंगण लावावे. मात्र हे इंजिन चालू ठेवून कधीही करू नये, बोटे जातात. ताण तपासताना गाडी डबल स्टँडवर न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि मागचे चाक हाताने फिरवत तीन-चार ठिकाणी चेन वर-खाली करून पाहावी, कारण ती सर्वत्र सारखी झिजत नाही. जेथे ती सर्वांत घट्ट लागेल तेथे मॅन्युअलमध्ये सांगितलेला सैलपणा, बहुतेक गाड्यांत 20 ते 30 मिलिमीटर, मिळायला हवा. चेनचा ताण वाढवला की चाक मागे सरकते आणि ड्रम ब्रेकचा रॉड आवळला जातो, म्हणून ब्रेक पेडलचा फ्री प्ले, म्हणजे ब्रेक लागण्याआधीची मोकळी हालचाल, पुन्हा जुळवावा. ही पायरी अनुभवी मेकॅनिककडूनही कधी कधी राहून जाते. ऑइलची पातळी गाडी सरळ उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी पाहावी. हवा टायर थंड असतानाच तपासावी.