पाठ घासायचा दगड

“मॅडम, नोकरीचं तेवढं सांगा. बाकीचं आम्ही बघतो.”

तासगाव तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार, गळ्यात तुळशीची माळ, खुर्चीच्या अगदी कडेला टेकून मला म्हणाले. शेजारी मुलगी. तिला आपण मुक्ता म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. संस्कृत घेऊन बी.ए. झालेली. आता हट्ट एकच, बिहारमधल्या राजगीरला नालंदा विद्यापीठात जायचं आणि बौद्ध अध्ययन, तत्त्वज्ञान, तुलनात्मक धर्म यांत एम.ए. करायचं.

मी करिअर समुपदेशक. विचारलंच आहे तर सांगावं, म्हणून सांगायला बसले. कॉलेजात शिकवण्यासाठीच्या नेट या पात्रता परीक्षेला तत्त्वज्ञान हा विषय आहे, धर्मांचा तुलनात्मक अभ्यास हा वेगळा विषय आहे आणि बौद्ध-जैन-गांधीविचार-शांतता असा आणखी एक आहे. त्याच परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून दरमहा 37 हजार. यूपीएससीला तत्त्वज्ञान वैकल्पिक विषय म्हणून घेता येतं. दुसरी बाजूही लपवली नाही. आपल्याकडे कायम जागा मोजक्या निघतात, निघाल्या तरी पोरं वर्षानुवर्षं सीएचबीवर, म्हणजे तासाच्या मानधनावर, तास घेत फिरतात. दहावीपर्यंत हा विषयच नाही; अकरावी-बारावीला तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान आहे, पण ते किती कॉलेजांत चालतं ते तुम्हीच बघा.

मुक्ताच्या वडिलांनी, आण्णांनी, सगळं ऐकून घेतलं. “बरं,” म्हणाले आणि उठले. मुक्तानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. वीस वर्षं हे काम करतेय, तरी समोरच्यानं विचारलेल्या प्रश्नालाच उत्तर देऊन मोकळं व्हायची माझी खोड जात नाही.

पुढच्या वेळी दोघांना वेगवेगळं बोलावलं.

आण्णा बराच वेळ बागेबद्दल बोलले, अवकाळीबद्दल बोलले. मग एकदम म्हणाले, “आमच्या घरात चार पिढ्या वारी आहे. ही तिकडनं शिकून आली आणि पांडुरंगापुढं हात जोडायचं विसरली तर मी कुणाला तोंड दाखवू? देव काय पुस्तकात शिकायचा असतो का?”

मुक्ताला तासाभरानंतर रडू आलं. तिलाही तीच धास्ती होती. “मॅडम, मला खरंच प्रश्न पडतात. उत्तरं मिळाली आणि ती आण्णांना न पटणारी निघाली तर? म्हणून मी घरात नुसतं करिअर करिअर करते.”

म्हणजे दोघंही एकाच गोष्टीला घाबरलेले, आणि दोघांनीही तिच्यावर नोकरीची चादर टाकलेली. माझ्याकडे दर्शनशास्त्र किंवा धर्माभ्यासासाठी येणाऱ्या घरांमध्ये हे फार वेळा दिसतं. पगाराची चौकशी सगळ्यांसमोर करता येते, श्रद्धेची करता येत नाही.

तिसऱ्या बैठकीत दोघं समोरासमोर. मी आण्णांना तत्त्वज्ञ आणि साधक गुरुदेव रानड्यांचं सांगितलं. इथंच, सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात त्यांनी तत्त्वज्ञान शिकवलं, पुढे अलाहाबादला प्राध्यापक झाले, महाराष्ट्रातल्या संतांवर 1933 मध्ये इंग्रजीत जाडजूड ग्रंथ लिहिला आणि निंबाळच्या आश्रमात नामस्मरणही सोडलं नाही. आण्णा हसले. “ते गुरुदेव होते, मॅडम. ही आमची पोरगी आहे.” दाखला चालला नाही. थोरामोठ्यांचे दाखले सहसा चालत नाहीत.

चाललं ते भलतंच. मी मुक्ताला म्हटलं, तिथं नक्की काय करतात ते आण्णांना ठाऊक असलेल्या एखाद्या वस्तूवरून सांग. ती थोडी थांबली आणि म्हणाली, “आण्णा, चौऱ्यांशीचा दगड.”

पंढरपूरच्या देवळातला तो शिलालेख. त्याला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या फेऱ्यातून सुटका होते, असं वारकरी पिढ्यान् पिढ्या मानत आले. आण्णांच्या आजोबांनी पाठ घासली होती, ती गोष्ट घरात सांगितली जाते.

“त्यावर काय लिहिलंय माहितीये?” मुक्तानं विचारलं. “शके 1195 ते 1199 मधलं आहे. यादवांचा राजा रामदेवराव आणि इतर भक्त, कुणी विठ्ठलाला किती दान दिलं त्याच्या नोंदी.”

आण्णा तिच्याकडे बघत राहिले. “म्हणजे वर्गणीची यादी?”

“वर्गणीची यादी.”

आता इथं सांगायला हवं की आण्णा त्यांच्या दिंडीचे खजिनदार आहेत. दिंडीत कुणी किती दिले, कुणाचे राहिले, याची वही गेली कित्येक वर्षं त्यांच्याच हातची. ते इतके खूश झाले की पुढची वीस मिनिटं मला बोलायलाच मिळालं नाही. रकमा कशा लिहिल्या आहेत, दान कशासाठी दिलं, लिहिणारा कोण. मुक्ताला निम्म्याची उत्तरं येत नव्हती. “हेच शिकायला जायचंय,” ती म्हणाली. “आणि पणजोबांनी पाठ का घासली, हे पण त्यातच येतं. ते चूक होतं असं कुणी म्हणत नाही तिथं.”

मग व्यवहाराचं बोलणं सोपं झालं. लहान विद्यापीठाची म्हणून जी तपासणी करायची ती आम्ही केली. हे विद्यापीठ 2010 च्या कायद्यानं उभं राहिलं आणि 2014 मध्ये वर्ग सुरू झाले, म्हणजे प्राचीन नालंदा महाविहाराच्या शेजारी असलं तरी तसं कोवळंच. मी अशा ठिकाणी जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते की विषयांची यादी बघू नका, शिक्षकांची बघा. छोट्या विभागात एका विषयाचा जाणकार बऱ्याचदा एकच असतो; तो रजेवर गेला की तो विषयही रजेवर जातो. शिवाय वर्गात डोकी कमी, त्यामुळे लपायला जागा नाही. मुक्तासारख्या गप्प बसणाऱ्या मुलीला ते जड जाईल, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. पाली, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांची भाषा, शिकायचीच आणि दुसऱ्या वर्षी नेटला बसायचंच, या दोन अटी तिनं स्वतःहून घातल्या. दोन प्रयत्नांत जेआरएफ नाही मिळाली तर पुन्हा माझ्याकडे यायचं, ही आण्णांची.

पुण्याहून दानापूर एक्सप्रेसनं तिला सोडायला आण्णा स्वतः गेले.

नोव्हेंबरमध्ये तिचा फोन आला, रात्री उशिरा. वर्गात धर्मकीर्ती चालू होता. ईश्वर मानायचं कारण नाही, असं तो बौद्ध आचार्य ज्या धारदारपणे मांडतो ते वाचून ती हलली होती. उदयनाचार्यांनी ईश्वर मानणाऱ्या नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या, बाजूनं दिलेलं उत्तर अजून वाचायचं होतं. पण ती त्यासाठी रडत नव्हती. कार्तिकी एकादशी होऊन गेली होती आणि वाचनाच्या नादात उपास तिच्या लक्षातच राहिला नव्हता. जन्मात पहिल्यांदा.

“आण्णांना सांगितलंस?” मी विचारलं.

“सांगितलं. आधी त्यांनाच केला फोन.”

“मग?”

“बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘पोटभर तरी जेवलीस काय?’”