परसाकडे, मोरी आणि ‘बाथरूम’

‘बाथरूम’ला मराठीच्या निरनिराळ्या बोलींत कोणते घरगुती शब्द आहेत, असे आपण विचारले आहे. मुळातच एक अडचण आहे: आंघोळीची आणि शौचाची जागा आपल्याकडे एका छपराखाली क्वचितच असे, त्यामुळे दोन्हींना मिळून असा जुना शब्दच नाही.

आंघोळीच्या जागेला कोकणात न्हाणी म्हणतात. मुंबईच्या चाळीत तिची मोरी झाली, म्हणजे खोलीच्या कोपऱ्यातला बुटक्या कठड्याचा चौकोन, जिथे भांडी, धुणे आणि पडदा ओढून आंघोळ ही तिन्ही कामे उरकत. संडास मात्र गॅलरीच्या टोकाला असे आणि तिथे नंबर लावावा लागे.

गावाकडे शौचासाठी खोलीच नव्हती, म्हणून शब्द जागेचे न होता जाण्याचे झाले. परसाकडे जाणे, झाड्याला जाणे, रानात जाणे, डबा घेऊन जाणे, आणि सोवळ्या घरांतले ‘बहिर्दिशेला जाणे’, ही सारी त्याच वळणाची. सांगलीकडची माझी आजी ‘परसाकडं लागलीया’ म्हणे; परस म्हणजे घरामागची मोकळी जागा, पण तिच्या तोंडी त्या दिशेचीच भावना होऊन बसली होती. तिचा डालड्याचा डबा दाराआड ठेवलेला असे, आणि तो हातात घेऊन निघालेल्या माणसाला वाटेत कोणी हाक मारीत नसे, हा अलिखित नियम होता.

संडासासाठीचा ‘शेतखाना’ हा जुना शब्द आता कानावर पडत नाही. त्याचा शेताशी संबंध नाही, हे विशेष: तो फारसीतल्या ‘सेहतखाना’ या शब्दावरून, म्हणजे आरोग्याच्या घरावरून आला. याउलट ‘हागणदारी’ हा चारचौघांत उच्चारायला संकोच वाटावा असा शब्द ‘हागणदारीमुक्त गाव’ होऊन थेट सरकारी फलकांवर चढला, आणि मला ते योग्यच वाटते, कारण तो सगळ्यांना कळतो.

आजीच्या ‘परसाकडं’सारखेच इंग्रजी शब्दाचेही आपण केले: जागेचे नाव क्रियेला दिले. ‘बाळाने बाथरूम केली’ या वाक्यात बाथरूम म्हणजे लघवी. संडासचेही तसेच: खोली असेल तर ‘तो’ संडास, पण डॉक्टरांनी ‘संडास साफ झाली का?’ असे विचारले की तो स्त्रीलिंगी होतो, बहुधा शी, शू, लघवी यांच्या संगतीने. शाळेत तर शब्दही लागत नसे. करंगळी वर केली की बाई मान हलवीत.

म्हणून जुन्या वाड्यात पाहुणे म्हणून गेलात, तर नुसते ‘बाथरूम कुठे आहे?’ असे विचारू नका. यजमान आदराने बंब आणि घंगाळ दाखवतील, वर टॉवेलही आणून देतील.