पहिली मॅरेथॉन आणि चौघांचे चार वेग

प्रश्न : आम्ही सोलापुरातले चार वर्गमित्र, सगळे चाळिशीच्या आसपासचे. गेले वर्षभर आम्ही पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने आणि रविवारी होटगी रस्त्याने धावतो. चौघांनीही २१ किलोमीटरचे अंतर एकदा तरी पूर्ण केले आहे. येत्या जानेवारीत मुंबईची पूर्ण मॅरेथॉन एकत्र धावायची, असे ठरले आहे. अडचण अशी की, एक जण किलोमीटरला सव्वासहा मिनिटे घेतो, तर दुसऱ्याला साडेआठ लागतात. त्याच्यासाठी थांबावे तर बाकीच्यांचा सराव होत नाही. न थांबावे तर तो हिरमुसतो आणि पुढच्या रविवारी येतच नाही. तिसरा मित्र गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज (मानाची उंच, जड काठी) पेलतो आणि मॅरेथॉन यात्रेला लागूनच येते. हातात असलेले पाच महिने पुरतील का? चौघांनी एकत्र धावावे तरी कसे?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : पाच महिने पुरतात. ज्याने २१ किलोमीटर धावून पाहिले आहे आणि ज्याचे आठवड्याचे धावणे २५ ते ३० किलोमीटरच्या घरात आहे, त्याला १८ ते २० आठवड्यांत पूर्ण अंतराची तयारी करता येते. तुमचा खरा प्रश्न दुसरा आहे आणि त्याचे उत्तर आधी आकड्यांत पाहणे बरे. मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असते. सव्वासहा मिनिटांच्या वेगाने ते साधारण ४ तास २४ मिनिटांत संपते, साडेआठच्या वेगाने जवळजवळ ६ तास लागतात. म्हणजे तुमच्या दोन मित्रांमध्ये दीड तासाहून अधिक अंतर आहे. हे अंतर मैत्रीने भरून निघत नाही. मॅरेथॉनच्या दिवशी चौघांनी खांद्याला खांदा लावून धावण्याचा बेत तुम्ही आजच सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

असे म्हणण्यामागे माझा स्वतःचा अनुभव आहे. पहिल्या मॅरेथॉनला मी आणि माझा एक मित्र ‘सुरुवातही बरोबर आणि शेवटही बरोबर’ असे ठरवून उतरलो होतो. सत्ताविसाव्या किलोमीटरला त्याच्या पोटरीत गोळा आला. मी थांबलो, त्याचा पाय ताणून दिला, पुन्हा चालू लागलो, पुन्हा थांबलो. थांबत थांबत माझेही पाय आखडले. तो दर पाच मिनिटांनी ‘तू जा’ म्हणत होता आणि मी दर वेळी ‘नाही’ म्हणत होतो. शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही. त्याच्या मनात अपराधीपणा होता, माझ्या मनात राग होता, आणि तो राग काढावा असे कोणी समोर नव्हते.

सोलापूरकरांना खरे तर हे वेगळे शिकवावे लागू नये. कोजागरीला आपल्याकडून हजारो लोक तुळजापूरला पायी जातात आणि ते अंतर ४५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मॅरेथॉनहून थोडे जास्तच आहे. एका घरची, एका गल्लीची माणसे एकत्र निघतात. पण वाटेत कोणी कोणाच्या पावलाला पाऊल लावून चालत नाही. पुढचे पुढे जातात, मागचे मागून येतात, चहाच्या मांडवापाशी गाठ पडते, पुन्हा फुटाफूट होते आणि देवीच्या पायरीशी सगळे भेटतात. त्यात मागे राहिलेल्याला कोणी टाकून गेले असे वाटत नाही, कारण तसेच चालायचे असते हे सगळ्यांना निघतानाच ठाऊक असते. तुम्हा चौघांमध्ये नेमके हेच ठरलेले नाही.

आता रविवारच्या लांब धावेकडे येऊ. या धावेचे माप किलोमीटरवर न ठेवता घड्याळावर ठेवा. समजा, पहाटे पाचला निघून एकूण अडीच तास धावायचे आहे. पहिली वीस मिनिटे चौघांनी सर्वांत संथ मित्राच्या वेगाने, गप्पा मारत जावे. वेगवान मित्राचेही अंग तेवढ्यात तापते. त्यानंतर ज्याने त्याने आपापल्या वेगाने पुढे जावे आणि निघाल्यापासून सव्वा तास होताच, जो जिथे असेल तिथून त्याने मागे फिरावे. वेगवान मित्र दोनेक किलोमीटर पुढून वळेल, संथ मित्र अलीकडूनच वळेल. मात्र जाता-येता प्रत्येकाने आपला वेग सारखा राखला तर चौघेही पाच-दहा मिनिटांच्या फरकाने मूळ जागी पोचतील. कोणाला कोणासाठी उभे राहावे लागत नाही आणि परतताना पुढचा मागच्याला गाठतो, त्यामुळे शेवटचा टप्पा पुन्हा सोबतीने होतो. यात एक छुपा फायदाही आहे : जो जाताना उत्साहाच्या भरात पळतो, तो परतायला उशीर करतो आणि त्याची चूक सगळ्यांना दिसते.

लांब धाव किती वेगाने करावी? बोलता येईल इतक्या वेगाने. पूर्ण वाक्य दम न लागता बोलता आले पाहिजे. तुमचा सव्वासहाचा मित्र रविवारीही त्याच वेगाने धावत असेल तर तो सराव करत नाही, दर आठवड्याला शर्यत धावतो आहे; त्याने पावणेसातवर यावे. संथ मित्राला वेगळा दिलासा हवा आहे. सरावात ३० ते ३२ किलोमीटर झालेच पाहिजेत, असे त्याच्या कानावर आले असेल. ते वेगवान लोकांसाठी ठीक आहे. साडेआठच्या वेगाने ३२ किलोमीटरला साडेचार तास लागतात आणि इतका वेळ रस्त्यावर राहून मिळणाऱ्या फायद्यापेक्षा दुखापतीचा धोका मोठा असतो. त्याने साडेतीन तासांवर, म्हणजे साधारण २५ किलोमीटरवर थांबावे. फार तर एकदा चार तास करावेत. त्याने सुरुवातीपासूनच चार मिनिटे धावून एक मिनिट चालावे, हेही मी सुचवतो. दमल्यावर चालणे आणि ठरवून चालणे यांत फरक आहे; ठरवून चालणारा पस्तिसाव्या किलोमीटरलाही धावू शकतो.

आठवड्याचे बाकीचे वेळापत्रक साधे आहे. रविवारखेरीज तीन दिवस सहा ते दहा किलोमीटर, एक-दोन दिवस मांड्या, पोटऱ्या आणि कंबर यांचे व्यायाम, उरलेले दिवस विश्रांती. एकूण अंतर आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास वाढवावे, दर चौथ्या आठवड्यात थोडे कमी करावे आणि शेवटचे दोन-तीन आठवडे निम्म्यापर्यंत उतरवत आणावे. कोजागरीला तुळजापूरला चालत जाणार असाल तर तीच त्या आठवड्याची लांब धाव समजा आणि नंतर चार-पाच दिवस धावू नका. अनवाणी गेलात तर तळपायाचे फोड पूर्ण भरेपर्यंत बूट घालून धावण्याची घाई नको.

नंदीध्वज पेलणाऱ्या मित्राबद्दल मी थोडा थांबून लिहितो. मुंबईची मॅरेथॉन सामान्यतः जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. गड्ड्याचे मुख्य विधी संक्रांतीच्या आगेमागे होतात आणि पहिल्या दिवशी नंदीध्वज ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. बाराबंदी घालून, अनवाणी, कमरेवर काठीचा भार तोलत दिवसभर चाललेला माणूस अवघ्या काही दिवसांत ४२ किलोमीटर धावू शकतो का? कदाचित धावेलही; पण ज्या दिवसांत पायांना सर्वांत जास्त विश्रांती हवी, नेमके तेच दिवस त्याचे सर्वांत कष्टाचे असतात. त्याने काठी सोडावी असे मी कदापि म्हणणार नाही, आणि मित्रांनीही तसे सुचवू नये. त्याने सराव तुमच्याबरोबरच करावा आणि स्वतः फेब्रुवारीतली एखादी मॅरेथॉन निवडावी. मुंबईला तो तुमच्यासोबत आला आणि शेवटच्या टप्प्यात मीठ लावलेले लिंबू घेऊन उभा राहिला, तर चौघांपैकी सर्वांत उपयोगी माणूस तोच ठरेल. मुंबईच्या मार्गावर परतीच्या वाटेत पेडर रोडचा चढ लागतो, तिथे ओळखीचा चेहरा दिसण्याची किंमत मी जाणतो.

हवेबद्दल एक गैरसमज दूर करतो. ‘आम्ही सोलापूरचे, आम्हाला उन्हाचे काय’ असे आपण म्हणतो. आपले ऊन कोरडे आहे. घाम येतो, वाळतो आणि अंग थंड करतो. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, म्हणून तापमान कमी असूनही शरीर जास्त तापते. तिथे किलोमीटरला पंधरा-वीस सेकंद संथ धावण्याची तयारी ठेवा. आपल्याला किती घाम येतो, हे घरच्या वजनकाट्यावर कळते. लांब धावेच्या आधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. वजन दीड किलोने घटले आणि वाटेत अर्धा लिटर पाणी प्यायला असाल, तर घामावाटे सुमारे दोन लिटर गेले. काळ्या बनियनवर पांढरे पट्टे उमटत असतील तर मीठही बरेच जाते आहे. मात्र भीतीपोटी प्रत्येक मांडवात पाणी ढोसू नका. गरजेपेक्षा जास्त पाणी प्याल्याने रक्तातले सोडियम घटते आणि ते जिवावर बेतू शकते. तहान लागेल तसे प्यावे, अधूनमधून क्षार मिसळलेले पाणी घ्यावे.

खाण्याच्या बाबतीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांचा मी भक्त आहे. पण धावण्याच्या आदल्या रात्री दोन्ही दूर ठेवा, कारण तेल आणि चोथा पचायला वेळ घेतात. साधा वरणभात उत्तम. धावताना पहिल्या तासानंतर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. एका मध्यम केळ्यात ती साधारण २५ ग्रॅम असतात. जे मुंबईत खाणार ते सगळे आधी होटगी रस्त्यावर खाऊन पाहिलेले असावे. हाच नियम बुटांना आणि मोज्यांना लागू आहे. चाळिशी गाठली असल्याने चौघांनीही सराव वाढवण्यापूर्वी डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. धावण्याआधी किंवा धावताना वेदनाशामक गोळी घेऊ नये. घामाने पाणी घटलेले असताना ती मूत्रपिंडांवर ताण आणते.

मॅरेथॉनच्या आदल्या संध्याकाळी चौघांनी बसून एकच गोष्ट मोठ्याने बोलून घ्या : कोणीही कोणासाठी थांबणार नाही. छातीत दुखणे, भोवळ, असंबद्ध बोलणे असे काही दिसले तर अर्थातच थांबायचे आणि वैद्यकीय पथकाला बोलवायचे. पोटरीत गोळा आला तर नाही. भेटायची जागाही तेव्हाच ठरवा आणि ती ठळक असू द्या, कारण पहिला पोचणारा दीड तास तिथे बसणार आहे. त्याच्या पिशवीत कोरडा शर्ट आणि सोलापुरी टॉवेल हवा.

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे. दोन मैत्रिणींबरोबर मॅरेथॉनचा सराव सुरू केला आहे. सासूबाई म्हणतात, एवढे धावून गुडघे झिजतील. त्यांचे स्वतःचे गुडघे दुखतात, म्हणून मला उलट बोलवत नाही. त्यांचे म्हणणे खरे आहे का?
— एक वाचक, अक्कलकोट रस्ता

उत्तर : सासूबाईंची काळजी समजण्यासारखी आहे, पण पुरावा त्यांच्या बाजूने नाही. या विषयावरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हौशी धावपटूंमध्ये गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण सुमारे ३.५ टक्के आढळले, तर न धावणाऱ्या, बैठ्या लोकांमध्ये ते १०.२ टक्के होते. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत मात्र ते १३.३ टक्के होते, तेव्हा अतिरेकाबद्दलची त्यांची शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पूर्वीची दुखापत किंवा जास्त वजन असेल तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. धावताना दुखून नंतर तासाभरात थांबणारे दुखणे आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जाणवणारे किंवा सूज आणणारे दुखणे यांत फरक करायला शिका. दुसऱ्या प्रकारचे दुखणे सुरू झाले की त्या आठवड्याची लांब धाव रद्द करा, मैत्रिणी कितीही आग्रह करोत. आणि सासूबाईंना संध्याकाळी हुतात्मा बागेत फेरी मारायला सोबत न्या. त्यांच्या गुडघ्यांनाही चालण्याचा उपयोगच होईल.