लाकडाच्या बंद शेगडीची झडप रात्री पूर्ण बंद केली, तर आच सकाळपर्यंत टिकते का?

झडप, म्हणजे शेगडीत हवा किती जाईल ते ठरवणारी पट्टी, पूर्ण बंद करू नका. कुणी कितीही ठामपणे सांगितलं तरी नाही. याच गोष्टीवरून माझं आणि दादाचं कित्येक वर्षं वाजलंय, म्हणून लिहायला बसलो.

दादाचा हिशेब साधा: झडप बंद, लाकूड कमी, आच सकाळपर्यंत. झोपण्याआधी तो दोन जाड ओंडके आत सरकवायचा आणि झडप गच्च लावायचा. शेगडीची काच दोन दिवसांत काळीकुट्ट व्हायची. ओल्या कागदाला राख लावून तो ती मन लावून घासायचा. मी म्हणायचो, दादा, जे काचेवर बसतंय तेच वर धुराड्यातही बसतंय. त्यावर उत्तर ठरलेलं, "तुझ्या आधीपासून शेगडी पेटवतोय मी."

एका पहाटे त्याने निखाऱ्यांवर बारीक, कोरड्या ढलप्या टाकल्या, झडप सताड उघडली आणि तोंड धुवायला गेला. मी शेजारच्याच खोलीत होतो. आधी शेगडीतून धुराड्यात जाणाऱ्या नळीतून टकटक ऐकू आली, मग घरघर, आणि मग डोक्यावरून मालगाडी जावी असा घोंघाट. नळी खालून हातभर लाल दिसत होती. दादा धावत आला आणि थेट शेगडीचं दार उघडायला गेला. मी त्याचा हात धरला. दार उघडलं असतं तर आगीला आणखी हवा मिळाली असती. झडप लावली, सगळ्यांना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढलं, अग्निशमन दलाला फोन केला. घर वाचलं.

नंतर धुराडं साफ करणाऱ्याने आतला थर दाखवला. जळलेला भाग फुगून जाळीदार झाला होता. वरचा, न जळलेला, काळ्या काचेसारखा चकाकत होता, बोटाच्या पेराएवढा जाड. हवा कोंडली की लाकूड जळत नाही, धुमसतं. त्यातले वायू न जळताच वर जातात आणि थंड नळीला डांबरासारखे चिकटतात. तेच क्रिओसोट. ते पेटलं की धुराड्यात १००० अंश सेल्सिअसच्या वर तापमान जाऊ शकतं.

आता तुमचं. चुंबकाचा तापमापक नळीवर, शेगडीपासून साधारण दीड फूट वर लावा. एकपदरी नळी बाहेरून १२० ते २४० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिली पाहिजे. त्याखाली थर साचतो, त्यावर शेगडी अति तापते. नळी दुपदरी असेल तर हा आकडा विसरा, तिथे नळीच्या आत टोक जाणारा तापमापक (प्रोब) लागतो. रात्रीचे ओंडके टाकल्यावर ते नीट पेटेपर्यंत हवा मोकळी ठेवा, मग झडप थोडी थोडी कमी करा. आत ज्वाळ दिसत राहिली पाहिजे. ती विझून नुसता धूर दिसला, तर झडप जास्त लावलीत. लाकडात ओलावा २० टक्क्यांपेक्षा कमी हवा, आणि तो ओंडका फोडून आतल्या बाजूला मोजायचा, सालीवर नाही.

शेगडी लहान असेल तर सकाळी ती गार झालेली असणार. होऊ दे. पुन्हा पेटवायला थोडाच वेळ लागतो.

हो, तुमच्या शेगडीच्या माहितीपुस्तकात वेगळे आकडे असतील तर माझे सोडून तेच धरा. अति तापली तर पाणी अजिबात ओतू नका, ओतीव लोखंड तडकतं. कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म नसेल तर आधी तो आणा. त्या विषारी वायूला वास नसतो.

दादा अजूनही म्हणतो, चूक त्या सकाळच्या ढलप्यांची. ढलप्यांनी फक्त ठिणगी दिली, दादा. जळलं ते तू रोज रात्री झडप लावून साठवलेलं. त्यातला एक तुकडा मी डबीत ठेवलाय. आलास की दाखवतो.