बुडालेल्या कंपनीने फेडलेलं बिल परत मागितलं तर?

प्रश्न : अमेरिकेतल्या एका उपग्रह-फोन कंपनीला आमची छोटी कंपनी अँटेना पुरवत होती. चॅप्टर ११ चा (अमेरिकी दिवाळखोरी कायद्याखालच्या पुनर्रचनेचा) अर्ज करण्याच्या दोन महिने आधी तिने आमची ८४ हजार डॉलरची जुनी बिलं चुकती केली. त्यानंतर पाठवलेल्या ३० हजारांच्या मालाचे पैसे मात्र आलेच नाहीत. आता तिच्या वकिलांचं पत्र आलंय, ८४ हजार परत करा. हे कायदेशीर आहे का?

उत्तर : तुमचा संताप रास्त आहे, पण मागणी बेकायदा नाही. अर्जाच्या आधीच्या ९० दिवसांत एखाद्या धनकोचं जुनं देणं फेडलं गेलं, तर तो 'प्रेफरन्स' ठरू शकतो आणि रक्कम सर्वांच्या वाटपासाठी परत मागता येते. यात तुमच्यावर लबाडीचा आरोप नाही. म्हणून घाबरून चेक पाठवू नका. पत्राकडे दुर्लक्षही नको : दावा दाखल झाला तर उत्तरासाठी ३० दिवस मिळतात, आणि ते समन्स हातात पडल्यापासून नव्हे, निघाल्यापासून मोजतात.

पैसे मिळाल्यावर तुम्ही जो नवा माल दिला आणि ज्याचे पैसे थकले, तो वजा होतो. म्हणजे वाद उरला ५४ हजारांचा. (त्यातला जो माल अर्जाआधीच्या २० दिवसांत पोहोचला, त्याला वाटपात अग्रक्रम आहे, पण एकच माल दोन्हीकडे मोजू द्यावा का, यावर न्यायालयांत एकमत नाही.)

तुमची खरी ढाल आहे जुनी खातेवही. गेल्या दोन वर्षांतलं प्रत्येक बिल किती दिवसांनी फेडलं गेलं, त्याचा तक्ता आजच करा. नेहमी ४५-५० दिवसांनी पैसे येत असतील आणि हेही तसेच आले असतील, तर तो नित्याचा व्यवहार ठरतो आणि रक्कम तुमच्याकडेच राहते. पण 'पैसे द्या, नाहीतर माल बंद' असा ईमेल तुम्ही पाठवला होता का? असेल तर 'नित्याचा व्यवहार' हा बचाव कमकुवत होतो; तरीही तो तुमच्या वकिलापासून लपवू नका, आणि पुसू तर मुळीच नका.

'तेव्हा कंपनी बुडालेली नव्हतीच' हा बचाव मोहात पाडतो. इरिडियम ही उपग्रह-फोन कंपनी ऑगस्ट १९९९ मध्ये चॅप्टर ११ मध्ये गेली; सुमारे ५ अब्ज डॉलर ओतलेली ती यंत्रणा पुढे अवघ्या अडीच कोटी डॉलरना विकली गेली. धनकोंच्या समितीने इरिडियम उभी करणाऱ्या मोटोरोलाकडून जवळपास ३.७ अब्ज डॉलर मागितले, पण २००७ मध्ये ती हरली. पैसे दिले तेव्हा इरिडियम दिवाळखोर होती हे समितीला सिद्ध करता आलं नाही, कारण शेअर बाजार तेव्हा कंपनीला मोठी किंमत देत होता. मात्र तो वाद मुख्यतः वर्षानुवर्षं मागच्या रकमांचा होता. तुमच्या ९० दिवसांत कायदा दिवाळखोरी गृहीतच धरतो, ती खोडून काढणं तुमच्यावर येतं, आणि उपग्रहांचं मूल्य ठरवणाऱ्या तज्ज्ञांची फी ५४ हजारांत बसणार नाही.

शेवटी तडजोड झालीच, तर एक वाक्य करारात नीट वाचा. परत केलेल्या रकमेइतका दावा धनको म्हणून लावण्याचा हक्क तुम्हाला कायद्याने मिळतो, आणि अशा मसुद्यांत तो सोडून दिल्याचं कलम सर्रास घातलेलं असतं. ते काढायला लावा, किंवा त्याच्या बदल्यात रक्कम कमी करून घ्या.