मेहुण्यांचं मोरचूद

प्रश्न : वाडीतल्या चिरेबंदी टाकीत दरवर्षी शेवाळ माजतं. फलटणच्या मेहुण्यांनी त्यांच्या शेततळ्याचं माप सांगितलं, हजार लिटरला एक ग्रॅम मोरचूद. त्यांच्याकडे शेवाळ जेमतेम पिवळं पडतं, मासे खुशाल असतात. आमच्याकडे दोन दिवसांत पाणी नितळ झालं, पण गप्पी मासे उलटे तरंगले. पुडी एकाच दुकानातली. असं कसं?
– एक बागायतदार, गुहागर

उत्तर : पुडी एकच, पाणी वेगळं. मोरचुदात तांबं साधारण चौथा हिस्सा, म्हणजे तुमच्या मापाने लिटरमागे पाव मिलिग्रॅम. त्यातलं बाधतं ते मुख्यतः सुटं, आयनाच्या रूपातलं तांबं. ते किती उरतं हे पाणी ठरवतं.

मेहुण्यांच्या घरी साबणाला फेस येतो का, विचारा. बहुधा नाही. त्या जड पाण्यातली कार्बोनेटं तांब्याला बांधतात, थोडं गाळात बसवतात. शिवाय एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा, तशी कॅल्शियम-मॅग्नेशियमने शेवाळाच्या पेशीवरची जागा आधीच धरलेली असते. आपलं जांभ्यातून झिरपलेलं पाणी मऊ, क्षारता (म्हणजे ही कार्बोनेटं) कमी. तांब्याला रान मोकळं.

सामूचं, म्हणजे पाण्याच्या pH चं, गणित मात्र सरळ नाही. पाणी आम्ल झालं की सुटं तांबं वाढतं, हे खरं. पण तेव्हा हायड्रोजनचे आयनही पेशीवरच्या त्याच जागांसाठी झगडतात. म्हणून सुटं तांबं तेवढंच असेल, तर आम्ल पाण्यापेक्षा सातच्या आसपास सामू असलेल्या पाण्यात ते शेवाळाला जास्त बाधतं. कुजक्या पाल्याने तांबूस झालेल्या पाण्यात ह्यूमिक आम्लं तांबं घट्ट धरून ठेवतात. टाकी नुकतीच घासून काढली असेल, तर तोही आधार गेला.

हे तुम्हाला नवं नाही. सुपारीवर कोळेरोगासाठी नुसतं मोरचूद कुठे फवारता? चुना घालून बोर्डो मिश्रण करता, नाहीतर पानं करपतात.

माशांना तांबं कल्ल्यांवर बाधतं, आणि एकदम मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायूही ओढतं. क्षारता तपासून घ्या. लिटरला 50 मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर मासे असलेल्या टाकीत मोरचूद नकोच. ‘मग आधी चुना टाकू’ म्हणाल, तर शेवाळही तगेल आणि पुडीचे पैसे पाण्यात. त्यापेक्षा टाकीवर झावळ्यांची सावली करा, खताचं पाणी आणणारा पाट दुसरीकडे वळवा, आणि बोर्डोचा पंप तिथे विसळू नका.